क्लचचे पाच आटे

आप्पांची गाडी दुसऱ्या कुणी चालवली, की खाली उतरताना तो माणूस हमखास म्हणायचा, "क्लच लई वर धरतोय राव." आप्पा नुसतं हसायचे आणि पाण्याचा तांब्या पुढे करायचे. वर्ष-सव्वा वर्ष हे असंच चाललं होतं. आप्पा माझे वडील. गाडी चालवायला मला त्यांनी शिकवलं, पाना धरायलाही त्यांनीच, आणि त्यांच्याच गाडीला लोकांनी नावं ठेवावीत हे माझ्या डोक्यात जायचं.

गाडी म्हणजे ट्रक. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमचं गाव बोरी बुद्रुक. गावचा कांदा, टोमॅटो, उसाचं बेणं, लग्नाच्या मांडवाचं सामान, जे असेल ते त्या गाडीनं वाहिलं. माझं सासर कळंबचं आणि नोकरी चाकणला, एका कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. तिथे निम्मा दिवस मी गाड्यांच्या खालीच असते. हेवी लायसन मिळालं तेव्हा आप्पांनी आळेफाट्यावर भेटेल त्याला थांबवून चहा पाजला होता आणि घरी येऊन मला म्हणाले होते, की आता सासूला सांगून ठेव, भांडण झालं तर सून एसटीची वाट बघत बसणार नाही.

क्लच वर धरणं म्हणजे काय, ते सांगते. पेडल दाबलं की इंजिन आणि चाकं एकमेकांपासून सुटतात, सोडलं की पुन्हा जोडली जातात. चांगल्या गाडीत पेडल निम्म्यावर आलं की गाडी हलायला लागते. पेडल पार वर आल्यावर हलली, तर समजायचं की प्ले संपला. प्ले म्हणजे पेडलची सुरुवातीची मोकळी चाल. पाय ठेवला की दोन बोटं पेडल अलगद आत गेलं पाहिजे. तेवढी मोकळीक नसेल तर आतली प्लेट कधीच पुरती पकड घेत नाही, घसरत राहते आणि जळते. मग चढाला गाडी ओढत नाही आणि उताराला इंजिन गाडीला धरत नाही. घाटात सगळा भार ब्रेकवर आला तर काय होतं, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

त्या वर्षी भाऊबीज करून मी चार दिवस माहेरी राहिले. आमची माणसं मूळची मेंढरांमागची. आजोबांनी मेंढरं विकली आणि शेती धरली, पण आप्पांचे चुलतभाऊ, माझे तात्या, यांच्याकडे अजून मेंढरं आहेत. दिवाळी झाली की ती माळशेज घाटानं खाली कोकणात उतरतात. मेंढरं पायी जातात. ज्यांना चालवत नाही ते सगळं, म्हणजे आठ दिवसांची कोकरं, म्हातारी माणसं, तान्ही पोरं, जाळ्या, भांडी, कोंबड्या, आप्पांच्या गाडीतून जातं. त्याचं भाडं आप्पांनी कधी घेतलं नाही आणि तात्यांनी कधी विचारलं नाही. ज्यानं मेंढरं सोडली त्यानं एवढं करायचं, असं आमच्यात न बोलता ठरलेलं आहे. आप्पांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. एका वर्षी अंगात ताप असताना गेले होते.

निघायच्या आदल्या दिवशी हवा भरायला आणि डिझेल टाकायला मी गाडी आळेफाट्याला नेली. पेडल जवळजवळ पूर्ण सोडलं तेव्हा कुठे गाडी हिसका मारून निघाली. परत येताना एका साध्या चढाला इंजिन नुसतं ओरडत होतं आणि केबिनमध्ये जळका वास सुटला. मला आप्पांचा राग आला. ह्या गाडीतून उद्या लेकरंबाळं घाटानं खाली न्यायची, आणि ह्या माणसानं क्लचकडे बघितलंसुद्धा नाही. वय झालं की माणूस निष्काळजी होतो, असंही मनात येऊन गेलं. ते मनात आलं होतं याची मला आजही लाज वाटते.

आमच्या फाट्यावरच्या ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. दुसऱ्याच्या गाडीचं चाक बदलावं, बॅटरीला पाणी घालावं, पण चालवणाऱ्याला विचारल्याशिवाय क्लचला पाना लावू नये. ज्याचा त्याचा क्लच ज्याच्या त्याच्या पायाला बसलेला असतो. आप्पा कुणाला शिव्या देत नसत, पण एकदा एका मेकॅनिकनं न विचारता त्यांचा क्लच हलवला तेव्हा त्याच्याशी ते महिनाभर बोलले नव्हते. हे सगळं मला माहीत होतं. तरी बापाच्या गाडीला कसलं विचारायचं, असं मी धरून चालले. दुपारी आप्पा जेवून आडवे झाले आणि मी गोणपाट घेऊन गाडीखाली शिरले.

काम दहा मिनिटांचं होतं. पेडलकडून येणारा रॉड पुढे क्लचच्या लिव्हरला जातो, तिथे ॲडजस्टिंगचा नट असतो आणि तो जागचा हलू नये म्हणून मागे चेकनट. चेकनट ढिला केला, नट एकेक आटा सोडत गेले, मधेमधे बाहेर येऊन पेडल हातानं दाबून बघितलं. पाच आट्यांनंतर दोन बोटं प्ले मिळाला. बाकी सगळ्या रॉडवर ग्रीस आणि धुळीचा थर होता, पण नटाची तोंडं पाना लागून लागून चकचकीत झाली होती. कुणीतरी तिथे वरचेवर हात घालत होतं. मी ते बघितलं आणि फाट्यावरच्या कुठल्यातरी टोणग्याचं काम म्हणून सोडून दिलं. चाकणला एखाद्या पोरानं अशी खूण बघून विचार केला नसता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

आणखीही गोष्टी होत्या. आप्पा हल्ली जेवायला खाली बसत नव्हते, ओट्याच्या कडेला ताट घेत होते. नाशिकच्या खेपा त्यांनी बंद केल्या होत्या आणि विचारलं तर डिझेल परवडत नाही म्हणायचे. आईला ठाऊक असणार, पण तीही काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरली. मागे हौद्यात जाळ्या, भांडी, कोंबड्यांची डालगी आणि वाळक्या पाल्यावर तीसेक कोकरं. तात्यांची आई आणि दोन बाया त्यांच्यासोबत. केबिनमध्ये तात्यांची सून, मांडीवर दीड महिन्याचं बाळ. आप्पांनी नारळ फोडला, वर चढले, गाडी चालू केली आणि गिअर टाकला.

गिअर पडला नाही. कर्रकन दात घासल्याचा आवाज झाला आणि सगळ्यांनी मान वळवून बघितलं. आप्पांनी पुन्हा टाकला, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या वेळी मी दारापाशीच उभी होते, म्हणून मला दिसलं. आप्पांनी डावा हात गुडघ्यावर ठेवला होता आणि ते हातानं स्वतःचा पाय खाली रेटत होते. पेडल निम्म्याच्या थोडं पुढे गेलं आणि थांबलं. पाय थरथरत होता. त्यापुढे तो जाणारच नव्हता.

आप्पांनी इंजिन बंद केलं. "क्लचला कुनी पाना लावला?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"मी लावला आप्पा. काल दुपारी."

"किती सोडलंस?"

"पाच आटे."

त्यांनी मान हलवली. "ते पाच आटं आवळायला मला दीड वरीस लागलं व्हतं," ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं. गुडघा जसजसा जात होता तसतसा ते अर्धा आटा, पाव आटा आवळत गेले होते, म्हणजे पेडल थोडंसं दाबलं तरी क्लच सुटावा. प्लेट जळते हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. गाडीत चूक नव्हतीच. क्लच त्यांच्या पायाच्या मापाचा केलेला होता, आणि मी तो चांगल्या पायाच्या मापाचा करून ठेवला होता.

आप्पा खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, की परत आवळ, एवढी खेप मारतो, मग बघू. पाना माझ्या खिशातच होता. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी रागही येत होता, इतके दिवस कुणाला सांगितलं का नाही म्हणून. ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. आप्पांच्या पलीकडे तात्यांची सून बाळाच्या डोक्यावरचं फडकं सारखं करत बसली होती.

"आवळते," मी म्हणाले. "पन मग हिला आन बाळाला मी खाली उतरवनार. मागच्यांनाबी."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. तात्या काय झालं म्हणून जवळ यायला लागले तेव्हा आप्पांनी दार उघडलं, उजव्या पायावर भार घेऊन सावकाश उतरले, आणि तात्यांना म्हणाले, की आज डोळं लई चुरचुरत्यात, पोरगी घेती गाडी. ते पुढून वळसा घालून गेले आणि डाव्या दारानं चढून बसले. त्या बाजूनं चढताना मी त्यांना जन्मात कधी बघितलं नव्हतं.

घाटात इंजिननं गाडी व्यवस्थित धरली. एका वळणावर समोरून टँकर अंगावर आला, तिथे मी गिअर उतरवला आणि गाडी जागच्या जागी सावरली. काम चोख झालं होतं. माझ्या कामाचा मला कधी इतका तिटकारा आला नव्हता. आप्पा वाटभर बाळाकडे बघत होते. टोकावड्याच्या अलीकडे सामान उतरवलं, बायांनी भाकरी बांधून दिली, तात्यांच्या आईनं आप्पांच्या तोंडावरून हात फिरवला आणि पुढल्या वर्षी लवकर या म्हणाली. आप्पा हो म्हणाले.

परतताना गाडी रिकामी होती. घाट चढून वर आलो, धरणाच्या पाण्याच्या कडेनं रस्ता सपाट झाला. ओतूरच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. आप्पांनी काय झालं म्हणून विचारलं तर मी काही नाही म्हणाले आणि पाना घेऊन खाली शिरले. गरम रॉडला हात पोळला. चेकनट ढिला केला, पाच आटे आवळले, पुन्हा चेकनट घट्ट केला. वर्कशॉपमध्ये असं काम कुणी केलं असतं तर मी त्याला दारातून आत घेतलं नसतं. मग डाव्या दारापाशी जाऊन उभी राहिले.

"रिकामी हाय आप्पा," मी म्हणाले. "आन रस्ताबी सपाट हाय."

त्यांनी आधी माझ्या हातातला पाना बघितला. मग उतरले.

आप्पांनी गाडी नेहमीसारखीच काढली, हिसका न देता. ज्या क्लचनं मला आदल्या दिवशी डोकं धरायला लावलं होतं तो त्यांच्या पायाखाली शहाण्यासारखा वागत होता. दुसरा गिअर पडला, तिसरा पडला, कुठे आवाज नाही. चाळीसच्या वर ते गेले नाहीत. वाटेत त्यांनी गुडघ्याचं सांगितलं. नारायणगावच्या डॉक्टरनं फोटो काढून दाखवला होता, आत काही उरलेलं नाही म्हणाला होता, आणि आईला त्यांनीच शपथ घातली होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस ते मला ठाव व्हतं. आळेफाट्याच्या चौकात हॉटेलवाल्यानं हात वर केला, आप्पांनी हॉर्न दिला. मला ती वाट संपू नये असं वाटत होतं.

अंगणात त्यांनी गाडी एकाच दमात मागे घेऊन लिंबाखाली लावली. इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून थोडा वेळ बसले. मी उतरून त्यांच्या दाराशी गेले, उतरायला हात द्यावा म्हणून. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली.

"आत्ताच सोड ते पाच आटं," आप्पा म्हणाले. "मी वर बसून प्ले बघतो. आन पुन्यांदा म्या मागितला तरी मला पाना देऊ नको."

मी गोणपाट घेतलं आणि गाडीखाली गेले.