वरून टाकलेला घास

त्यानं सुशीचा तुकडा दोन बोटात धरला, हात वर नेला अन् माह्या ओंजळीत सोडून देला. हातभर उंचावरून. अन् हसला.

"हे घे. सवय गेली नाई तुही अजून."

भर दुपारी, मंगरूळपीरच्या त्या सहा स्टुलाच्या हॉटेलात, माही ओंजळ तशीच राह्यली. बाजूच्या स्टुलावर माही पोरगी बसली होती. ती एकदा माह्या हाताकडं पाहे, एकदा त्याच्याकडं.

मी सरकारी दवाखान्यात नर्स हाय. बायका माह्या हातावर बाळंत होतात. तवा कोणी जात इचारत नाई. कळा सुरू झाल्या का जात कुठी जाते कोण जाणे. दोन महिन्यानं बाळाले लस द्याले त्यायच्या घरी गेलं, का मंग पाण्याचा गिलास वेगळा निघते. हे मले मालूम होतं. मी हसून सोडून देत होती. एवढे वर्षं हेच केलं मी. हसून सोडलं.

पोरगी बारावीत चांगल्या मार्कानं पास झाली. मी म्हटलं, "काय पायजे सांग." मले वाटलं, ड्रेस म्हणन, नाई तं मोबाईल. ती म्हणे, "आई, अन्वरभाईकडं सुशी खाऊ."

अन्वरभाई इथलाच. पुण्याच्या मोठ्या हॉटेलात बारा वर्षं सुशी केली, मंग गावाकडं येऊन हे लहानसं दुकान टाकलं. पयले लोक हसले. "भाताचे मुटके कोण इकत घेईन बापा?" आता रविवारी जागा भेटत नाई. कच्चा मासा इथी कुठून आणाचा? काकडी, गाजर, उकडलेली कोळंबी, आंबट भात, अन् त्याच्या भोवती समुद्राच्या शेवाळाचा काळा पापुद्रा. काउंटरच्या पलीकडं तो करते, अलीकडं आपण खातो.

पयली प्लेट मजेत झाली. पोरीनं मले काड्या धराले शिकवल्या. मले काई जमलं नाई. तुकडा दोनदा मांडीवर पडला, आमी दोघी खिदळलो. मंग अन्वरभाईनं पापुद्र्याची पुंगळी वळली, तिच्यात भात भरला अन् काउंटरवरून हात पुढं केला.

"ताई, ही प्लेटीत नाई ठेवत. पापुद्रा मऊ पडते. हातातून हातात घ्या."

अन् माह्या हातायनं काय केलं? दोनी हात जुळले, ओंजळ झाली अन् खाली गेली. त्याच्या हाताच्या पार खाली. मी ठरवलं नोतं. हात आपोआप गेले.

"ताई, धरा ना," अन्वरभाई म्हणे. त्याची पुंगळी हवेतच.

त्याले काई समजलं नाई. पोरीलेही समजलं नाई. माह्या उजव्या हाताले जो बसला होता, त्याले समजलं.

आमचं गाव इंझोरीच्या बाजूले. माही माय बापूसाहेबाच्या गोठ्यात शेण काढे. पोळ्याच्या दिवशी आमी त्यायच्या दारात जात होतो, पुरणपोळीसाठी. पायरीच्या खाली उभं राहाचं. ओंजळ धराची. वरून पोळी टाकत, हाताले हात लागू नये म्हणून. माय मले दटावे, "हात अजून खाली घे वं. लागला तं त्यायले आंगोळ करा लागते." मी सहा-सात वर्षाची. पोळी कधी ओंजळीत पडे, कधी मातीत. मातीतली झटकून खात होतो. बापूसाहेबाचा नातू माह्याच वयाचा. त्याची आजी त्याले म्हणे, "तू टाक." तो मुद्दाम पायरीवर उभा राहून उंचावरून टाके. त्याले तो खेळ होता. पोळी मातीत पडली का टाळ्या वाजवे.

तोच हा. आता ट्रॅक्टर इकते. संग बायको होती, एक दोस्त होता. मी आली तवाच त्यानं मले वळखलं होतं, पण बोलला नोता. ओंजळ पायली अन् त्याले जुना खेळ आठवला. आपल्या प्लेटीतला तुकडा उचलून त्यानं वरून सोडला.

पोरीले मी हे कधीच सांगतलं नोतं. लाज वाटे. लाज त्यायले वाटाले पायजे होती, वागवत मी होती. म्हटलं, हिचं मन कोरं राहू दे.

"आई, हे कोण हायेत? असं काहून केलं त्यायनं?"

मी बोलाच्या आधी तोच बोलला. "अवं, तुह्या आईची अन् माही लहानपणची वळख हाय. गंमत केली."

दोस्त हसला. बायको मोबाईलात पाहू लागली. आता मीही हसाचं, एवढंच बाकी होतं. मी हसली असती तं सारं मिटलं असतं. पण पोरगी माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. आईचं तोंड काय करते, तेच ती उद्या करणार. माह्या अंगाची आग झाली. मी उठली. त्याच्या पुढ्यात गेली. तो तुकडा त्याच्याच प्लेटीत ठेवला, बाकीच्या तुकड्यायच्या मधात. बोटानं सरळ केला.

"गंमत होती ना? मंग खा."

"अवं, काय तू बी..."

"खा. माहा हातच तं लागला. गंमत हाय."

दोस्ताचं हसू तोंडातच राह्यलं. बापूसाहेबाच्या नातवाचा हात प्लेटीपर्यंत आला, थांबला, मागं गेला. त्यानं प्लेट बोटानं पुढं ढकलली.

"अन्वर, प्लेट बदल."

"काहून बदलाची?" मी म्हटलं.

"जास्त बोलू नोको. आपली पायरी पाहून बोल."

घ्या! गंमत संपली अन् पोटातलं ओठावर आलं. मले वाटलं, आता मले रडू येईन. आलं नाई. लय वर्षानं डोकं साफ झालं होतं.

अन्वरभाईनं माह्याकडं पायलं, मंग त्याच्याकडं. दुकानाची जागा त्या ट्रॅक्टरवाल्याच्याच काकाची हाय. अन्वरभाईनं ती प्लेट उचलली अन् दुसरी ठेवली. मले हळूच म्हणे, "ताई, माफ करा. मले इथंच धंदा करा लागते." त्या माणसापेक्षा मले हेच जास्त लागलं. आज माह्या हाताची प्लेट बदलली, उद्या अन्वरभाईच्याच हाताची बारी आली तं? हे त्याले कळत नसन का? कळत असन. म्हणूनच नजर खाली होती.

"आई, चाल, जाऊ," पोरगी म्हणे.

"बस. आपलं खाणं झालं नाई. अन्वरभाई, माही पुंगळी राह्यली."

त्यानं नवी केली. मी एक हात सरळ पुढं केला अन् त्याच्या हातातून घेतली. खाल्ली. चव काईच लागली नाई, पण शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. ते तिघं अर्धं टाकून निघून गेले.

बाहेर गाडीजवळ उभं राहून मी पोरीले सारं सांगतलं. पोळा, पायरी, माती, सारं. मले वाटलं, ती मले मिठी मारन. ती भडकली.

"अन् तू मले हे आज सांगतं? आज?"

तिचं बरोबर होतं. मी गाडी घराकडं नेलीच नाई, ठाण्यात नेली. ॲट्रॉसिटीची तक्रार देली.

संध्याकाळी गावातून भावाचा फोन. त्याचा वावरात जायचा रस्ता बापूसाहेबाच्या शेताच्या धुऱ्यावरून हाय.

"कायले वाढोतं वं? एक भाताचा तुकडा. मिटवून टाक. मले इथी राहा लागते."

"मले मालूम हाय, दादा."

"माय असती तं गप बसली असती."

"हो, बसली असती. तिच्याजवळ काय होतं दुसरं? माह्याजवळ नोकरी हाय, कायदा हाय, बोलाले तोंड हाय. मी काहून बसू?"

त्यानं फोन ठेवला. अजून बोलत नाई माह्याशी. लय आठवण येते त्याची, खोटं नाई बोलत.

परवा त्या माणसाचा निरोप आला. घरी येऊन माफी मागतो म्हणते, बायकोले संग आणतो म्हणते, फक्त तक्रार मागं घ्या. मी सांगतलं, घरी येऊ नोका. अपमान चार लोकात केला अन् माफी बंद दाराआड? अन् चार लोकात मागतली तरी तक्रार राहीन.

अन्वरभाई साक्ष देते का नाई, मले मालूम नाई. पोरीनं जबाब देला हाय. खटला किती वर्षं चालन, तेही मालूम नाई. मी दर तारखेले जाईन. रजा टाकून जाईन, रजा संपली तं बिनपगारी जाईन. तक्रार मागं घेणार नाई.