मुंबईचा सूर्यास्त

माझ्या पहिल्या साहेबांइतका मनापासून भिणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बड्या पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या सरकारी शाखेत मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. वरिष्ठांचा फोन आला की साहेब आधी उभे राहायचे, गळ्याजवळचं बटण लावायचे आणि मगच रिसीव्हर उचलायचे. कपाटाचं कुलूप तीनदा ओढून पाहायचे आणि जिन्यात पोचल्यावर मला चौथ्यांदा ओढायला परत पाठवायचे. टपालात स्वतःच्या नावाचा लिफाफा दिसला तर दिवसभर त्यांना जेवण जात नसे. खणात एक खुलासा कायम टाइप करून ठेवलेला असे: ‘सदर चूक अनवधानाने झाली असून क्षमा असावी.’ चूक कोणती, तेवढी जागा कोरी. "आपल्या हातून काय व्हईल ते आत्ता कसं सांगावं? पण तयारी पाहिजे," असं ते गंभीरपणे म्हणत. मी हसायचो, पण वर्षभरात मीही कुलूप दोनदा ओढू लागलो.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना एक परदेशी राजदूत वेरूळ पाहायला येणार असं ठरलं. संध्याकाळी आमच्या शहरातल्या विश्रामगृहावर मेजवानी, वेळ रात्री साडेआठ. रमजान चालू होता आणि पाहुणे रोजे धरणारे. साहेब दोन दिवस ती फाईल उघडत-मिटत होते. मग एकदम म्हणाले, "अरे, दिवसभर पाण्याचा थेंब नाय घेतलेला माणूस, अन् आपण त्याला साडेआठपर्यंत ताटकळत ठेवायचं व्हय?" वरिष्ठ दौऱ्यावर होते. विचारल्याशिवाय स्वल्पविरामही न हलवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या सहीनं वेळ बदलली. भिंतीवरच्या कॅलेंडरातला सूर्यास्त पाहून पत्रिका छापल्या: सायंकाळी ६.४८. वेरूळहून परतणाऱ्या पाहुण्यांच्या ताफ्याचं वेळापत्रकही त्यावरच बेतलं. त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण सकाळी दाढी अर्धीच केलेली होती.

मेजवानीच्या दिवशी सव्वासहाला विश्रामगृहाच्या खानसामाचाचांनी पत्रिका हातात घेतली आणि म्हणाले, "साब, ये टैम तो बंबई का है. अपने यहाँ दस मिन्ट पैले रोजा खुलता."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणजे रोजा सोडायच्या वेळी पाहुणे रस्त्यात असणार! फोन लावला, पण ताफा घाटात, लागेना. "गेली माझी पेन्शन," ते पुटपुटले. मग खजुराचा डबा आणि पाण्याची बाटली उचलून माझ्या स्कूटरवर मागे बसले. खरं सांगतो, मीही घाबरलो होतो.

शहराच्या वेशीवरच्या छावणीत पोचलो तेव्हा ताफ्याचा सायरन ऐकू यायला लागला होता. एरवी वाहतूक पोलिसालाही वळसा घालून जाणारे साहेब दोन्ही हात वर करून रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ब्रेक करकचले. पुढच्या जीपमधला इन्स्पेक्टर ओरडत खाली उतरला. तेवढ्यात मागच्या गाडीची काच खाली झाली आणि जवळच्या मशिदीतून अजान सुरू झाली. साहेबांनी खजूर पुढे केला. अर्धं पाणी त्यांच्याच बाहीवर सांडलं. "सॉरी सर," ते म्हणत होते, "छपाईत मुंबईचा सूर्यास्त पडला."

पुढे कुणी काही विचारलं नाही, आणि याचीच त्यांना जास्त धास्ती वाटे. पंधरवड्यानं दूतावासाचा लिफाफा आला, त्यांच्या नावाचा. त्यांनी तो न फोडता खणात ठेवून कुलूप तीनदा ओढलं. निवृत्तीच्या दिवशी किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "माझी पेन्शन सुरू झाली की मंग फोड."

पेन्शन सुरू झाल्याचं कळलं त्याच दिवशी मी लिफाफा फोडला आणि त्यांना त्यांच्या गावी, लासूरला फोन लावला. "साहेब, ते पत्र फोडलं." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उभे राहिले होते.

इंग्रजीत तीनच ओळी होत्या. मी मराठीत सांगितल्या: ‘मला खजूर देणाऱ्याचा हात कापत होता. पुष्कळ देशांत मी मेजवान्या जेवलो. माझ्या तहानेची एवढी काळजी कुणी केली नव्हती.’



"खाली बघ नीट. खुलासा मागितलाय का?"

"नाही साहेब."

"मंग... परत वाच रे एकदा."

मी परत वाचलं. पलीकडे खुर्ची पुन्हा सरकली. साहेब बसले होते.