एका कॉम्प्युटरमध्ये दोघांचं बिऱ्हाड

रविवारी सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, जेल रोडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते. महिनाभर एकच पालुपद... "स्क्रीनकडे बघवत नाही गं, डोळे चुरचुरतात." डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, नंबर तोच आहे, डोळे ठणठणीत.

मी खूश! अण्णांचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा.

आता अण्णा आणि कॉम्प्युटर हे काय प्रकरण आहे ते सांगते. प्रेसमधून रिटायर झाल्यापासून ते कॉलनीतल्या मुलामुलींचे लग्नाचे बायोडाटा टाइप करून देतात... फुकट. वर गणपती, खाली आजोळची सगळी माहिती. "मामांचं गाव राहिलं तर लोक शंभर शंका काढतात," हे त्यांचं ठाम मत.

लग्न जमलं की पेढे आधी आमच्या घरी येतात. सासूबाई गेल्यावर हा माणूस याच्याच जोरावर सावरला, खरं सांगते.

आणि आता महिनाभर कॉम्प्युटरला हात नाही. कुणी आलं की डोळ्यांचं कारण सांगून सायबर कॅफेकडे पाठवायचे. परवा शेजारच्या काकू पुतण्यासाठी आल्या, त्यांनाही तसंच परत पाठवलं.

दवाखान्यातून आल्यावर चहा ठेवला आणि सरळच विचारलं. अण्णा, डोळे ठीक आहेत, मग झालंय काय? आधी आढेवेढे घेतले... मग हळूच म्हणाले, "सईला बोलणार नसशील तर सांगतो."

सई माझी मुलगी, इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजसाठी तिला लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम, हवं होतं आणि घरात कॉम्प्युटर एकच, म्हणून तिने विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स टाकलं. सुरू करताना दोन्ही नावं येतात, त्यातलं आपलं निवडायचं, हे तिने आजोबांना समजावलंही होतं.

पण ही पोरगी बोलते म्हणजे सुपरफास्ट गाडी, कुठल्याच स्टेशनवर थांबत नाही! आणि "कळलं नाही" म्हणतील तर ते अण्णा कसले... हो हो म्हणून मोकळे झाले.

मग एके दिवशी कॉम्प्युटर लावला, ती दोन नावं आली आणि सवयीने त्यांनी एंटर दाबलं. पहिलं नाव लिनक्सचं, तेच उघडलं. सगळंच परकं... त्यांचं फोल्डर नाही, मराठी टायपिंग नाही, काही नाही. बंद करून परत लावलं तरी तेच. त्यांना वाटलं, सईच्या हातून आपलं सगळं पुसलं गेलं. इतक्या वर्षांचं सगळं!

"अहो, मग बोलला का नाहीत?" माझा आवाज चढलाच.

"काय बोलणार? पोरीची परीक्षा तोंडावर आलेली. रडत बसली असती. तिच्या शिक्षणापुढे माझे बायोडाटा काय एवढे मोठे लागून गेलेत?"

तेवढ्यात सई आतून आली... तिने सगळं ऐकलं होतं. डोळे पुसत तिने आजोबांना हात धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आजोबा, लगेच एंटर नाही. आधी हा खाली जायचा बाण दाबा. हां... आता एंटर."

विंडोज उघडलं आणि फोल्डर जिथल्या तिथे! अण्णांनी चक्क स्क्रीनला हात जोडले. मग एकेक बायोडाटा उघडून बघत बसले... हिला मुलगा झाला, हा पुण्याला गेला, याचं मात्र अजून जमत नाहीये बिचाऱ्याचं.

सई म्हणाली, तुमचं विंडोज वर घेते, म्हणजे थेट एंटर दाबलं तरी चालेल. अण्णा म्हणाले, "अजिबात नको. तुझं वर राहू दे, अभ्यास आधी." दोघांची चांगलीच जुंपली! शेवटी सईने ऐकलं नाहीच.

संध्याकाळी अण्णांनी स्वतःहून काकूंना फोन केला, पुतण्याची जन्मवेळ घेऊन या म्हणून.

मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि डोळे सारखे भरून येत होते. आपलं सगळं गेलं असं वाटत असतानाही हा माणूस महिनाभर रोज सकाळी नातीला विचारत होता, "काय गं, तुझा कॉम्प्युटर नीट चालतोय ना?"