पहिला खिळा

बाबा सुतार. परदेशात आल्यापासून दिवसभर लोकांच्या भिंतींवर फळ्या बसवायचे, पण आमच्या भाड्याच्या घरात साधा खिळा ठोकायला मालकाची सक्त मनाई. आमचं घड्याळ भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलेलं. वेळ बघायला सगळे वाकायचो.

घर विकत घ्यायचं निघालं तेव्हा मामा म्हणाला, "भाड्याचंच बरं. कशाला नसती कटकट?"

आई म्हणाली, "वाकून वाकून माझी कंबर गेली, ती कटकट नाही?"

नव्या घराची किल्ली मिळाली त्या दिवशी आईने आधी हातोडी काढली. पहिला घाव चुकला, भिंतीचा टवका उडाला. बाबा दचकले. "अगं, मालक काय म्हणेल?"

"मालकीण म्हणतेय, घड्याळ द्या इकडे."