चौदा फुटांवरचं सेबर

दौंडात रेडिओ बिघडला की लोक तो शलमोनकडं न्यायचे. नुसत्या खरखरीवरून तो आतलं दुखणं सांगायचा. काम चोख, बोलणं मात्र मोजकं. "झालंय." "उद्या या." "वाल्व्ह गेलाय." संपलं. स्टेशनामागच्या चाळीत त्याची एक खोली होती. वय चौतिशीचं, बायको-पोर नाही. बहीण राहेल शिरूरला. महिन्यातल्या एका रविवारी तो एस.टी.नं तिकडं चर्चला जायचा, बहिणीच्या हातचं जेवायचा, तिनं काढलेल्या स्थळाला नाही म्हणायचा आणि दिवस मावळायच्या गाडीनं माघारी यायचा.

गडी आधी एअरफोर्सात होता, एवढं लोकांना ठाऊक होतं. मग कुणीतरी विचारायचंच, "इमान चालवलं का वो कवा?"

"न्हाई. मी खालून बघायचो."

लोक खो खो हसायचे. त्यांना वाटायचं, चेष्टा करतोय. पण ते खरं होतं. सरहद्दीवर वाळवंटात एक टेहळणी ठाणं होतं. एक तंबू, एक वायरलेस सेट आणि दोन माणसं. डोक्यावरून जाईल ते विमान ओळखायचं, आपलं की त्यांचं ते वायरलेसवर सांगायचं. चार वर्षं शलमोननं तेवढंच केलं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात, लढाई पेटलेली असताना, एका सकाळी डोक्यावरून एक विमान गेलं. जोडीदार तापानं तंबूत पडलेला. शलमोननं सांगितलं, "हंटर, एक, आपलं." पाऊण तासानं बातमी आली, की पुढच्या वाटेवर पाण्याच्या टँकरवर विमानातून गोळ्या झाडल्या. ड्रायव्हर गेला. दर तिसऱ्या दिवशी ह्यांना पाणी आणून देणारा तोच.

शलमोनला कुणी जाब विचारला नाही. लढाई होती, टँकर कुणी मारला आणि ते विमान कुठून आलं, हे शोधायला सवड कुणाला होती? विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं पुष्कळदा वाटलं. ते विमान सेबर होतं का? त्यांचं सेबर आणि आपलं हंटर, दोघांचे पंख मागं वळलेले. खालून बघितलं तर कुणीही फसंल. खरंच फसंल का? ह्या एका प्रश्नापायी त्याची झोप गेली. नोकरीची मुदत संपली, तो दौंडला आला, तरी प्रश्न काही सुटला नाही.

मग पंचाहत्तर साली पुण्याच्या कॅम्पात एका खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत त्याला डबा दिसला. आत प्लॅस्टिकचे सुटे भाग, ते चिकटवून विमान करायचं. बहात्तर फुटांना एक फूट हे माप. शलमोन तिथंच उभा राहिला. असं विमान डोळ्यापासून चौदा फुटांवर धरलं तर खरं विमान हजार फुटांवरून दिसतं तेवढंच दिसणार. आणि ते गेलं होतं हजार फुटांवरूनच. म्हणजे ती सकाळ पुन्हा उभी करता येत होती!

हंटर त्याच दिवशी मिळालं. शिकाऊ असताना पाठ केलेली मापं डोक्यात होतीच. पट्टी लावली, पंख पाच इंच पाच सूत, बरोबर. दोन्हीकडं निमुळतं, शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखं. घेतलं. घोडं अडलं ते सेबरवर.

"ह्येच तर सेबर हाय, बाबा!" म्हातारा पारशी दुकानदार डबा आपटत म्हणाला. "वर लिवलेला हाय ने."

"हे डी जातीचं हाय, शेठ. ह्याच्या तोंडावर रडारची टोपी हाय. आपल्याला एफ पायजे. त्याचं तोंड उघडं, कापल्या नळीवानी."

"टोपी बघून तुजा छोकरा रडेल काय?"

"छोकरा न्हाई मला. माझं मलाच बघायचंय."

पारशानं चष्म्यावरून त्याला नीट न्याहाळलं. "मंग घेऊन टाक. कोन बघायला येनार हाय टोपी?"

शलमोनच्या मनात क्षणभर आलं, घ्यावं. खोट्या विमानानं उत्तर खोटं यायचं, आणि मग जन्मभर म्हणता येईल, काय करावं, डबाच चुकीचा होता. त्यानं डबा परत सरकवला. "एफ आलं की कार्ड टाका," म्हणाला आणि पत्ता लिहून दिला.

दीड वर्षात दोनदा कार्ड आलं, दोनदा तो गेला. एकदा पुन्हा तेच टोपीवालं. दुसऱ्या खेपेला तोंड उघडं, पण शेपटीकडची नळी फुगलेली. गाभण म्हैस बरी, असा आकार. तेही त्यानं परत सरकवलं. सत्याहत्तरच्या फेब्रुवारीत तिसरं कार्ड आलं. ह्या वेळी त्यानं गल्ल्याजवळच डबा उघडून एकेक भाग बोटांवर फिरवला. पंख सव्वासहा इंच. तोंड गोल. शेपूट जागच्या जागी.

"पास?" पारशानं विचारलं.

"पास," शलमोन म्हणाला.

दोन्ही विमानं जोडून त्यानं काळीकुळकुळीत रंगवली, म्हणजे रंगावरून ओळखायला नको. आता दुसरा माणूस पाहिजे होता. कोणतं विमान वर चढतंय हे आपल्याला कळता कामा नये. इथं त्याची पंचाईत झाली. हाक मारावी असं त्याचं होतं कोण? शेवटी शेजारच्या खोलीतल्या सोपानरावांना विचारलं. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते ते. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली, दिवस कसा घालवावा ह्या विवंचनेत.

"इमानं उडवायची? ह्या वयात?" सोपानराव म्हणाले. "चल की! घरात सून तरी कुठं विचारतीया मला."

चाळीमागच्या कडुलिंबाच्या फांदीवरून दोरा सोडला, उंची टेपनं मोजली. खाली बाज टाकली. शलमोन डोळे मिटून उताणा पडला. सोपानरावांनी दोन्हीतलं एक विमान दोऱ्याला बांधून वर ओढलं आणि सवयीनं गार्डाची शिट्टी फुंकली. दोन आकडे मोजेपर्यंत डोळे उघडे ठेवायचे, मग मिटायचे.

"सेबर," शलमोन म्हणाला.

"बराबर."

पुन्हा शिट्टी. "हंटर."

"बराबर. अरं, डोळं हायेत का दुर्बीण!"

सोपानरावांना चेव आला. कधी तेच विमान पुन्हा चढव, कधी तिरपं बांध, कधी ऐन सूर्याच्या तोंडात धर. अकरा खेपा झाल्या. अकराही बरोबर. शलमोनला दोन आकडेसुद्धा लागत नव्हते.

"शाब्बास रे वाघा! मिल्ट्रीनं सोडलाच कसा तुला?"

शलमोन बाजेवरून उठला नाही. "आप्पा," तो म्हणाला, "चुकायला पायजे हुतं. एकदा तरी."

"आँ?"

मग त्यानं सांगितलं. ठाणं, सकाळ, टँकर, सगळं. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदा. सोपानराव दोरा हातात धरून ऐकत राहिले.

"पर तू तर झटक्यात वळाखतोस की," ते शेवटी म्हणाले. "मग त्या दिशी काय बघितलंस?"

शलमोन वर बघत होता. इतकी वर्षं त्याच्या डोळ्यांपुढं मागं वळलेले काळे पंख होते. पण तोंड कसं होतं, शेपूट कशी होती, हे कधी आठवलंच नव्हतं. आत्ता त्याला ते पंख कशावर दिसत होते ते कळलं. आभाळावर नव्हे, वाळूवर.

"सावली," तो म्हणाला. "सावली बघितली मी. मान खालीच हुती. स्टोव्हवर च्या हुता, त्यो उतू चालला हुता. रोज त्या टायमाला हंटरच माघारी यायचं. म्हणून म्हणालो, हंटर."

सोपानराव बाजेच्या कडेला टेकले. "आसं बघ, शलमोन. रोज त्याच टायमाला तीच गाडी येती. सिगनल पडलेलाच आसतो. मग दर बारीला मान वर करून कोण बघतंय?"

"तुमी बघायचा, आप्पा."

स्टेशनात कुठलीशी गाडी शंट होत होती, डब्यांचे धक्के एकामागून एक ऐकू येत होते.

"व्हय," ते हळू म्हणाले. "मी बघायचो."