रोह्याच्या चित्रातली एका डोळ्याची बाई

लहानपणी मला भुताखेतांची भीती नव्हती. पेणजवळ हमरापूरला आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळे नसलेल्या दोन-तीनशे मूर्ती रांगेनं बसलेल्या असत, त्यांच्यामधून मी खुशाल हुंदडायची. मला भीती होती ती एका चित्रातल्या बाईची, आणि ते चित्र आमच्या घरात नव्हतंच. ते होतं रोह्याला, एका वकिलांच्या बंगल्यात.

माझे बाबा आखणी करत, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवत. बाकीचा रंग कुणीही लावावा, डोळे मात्र त्यांनीच. शेजारच्या जोहे गावचे कारखानदारसुद्धा त्यांना बोलवायला येत. त्यांचे दोन नियम होते. डोळ्यांवाचून मूर्ती दाराबाहेर जायची नाही. आणि एक डोळा काढला की दुसरा होईपर्यंत आखणाऱ्यानं उठायचं नाही, मग घराला आग का लागेना. अर्धी राहिलेली नजर माणूस शोधत फिरते, असं ते सांगत.

आई मी दीड वर्षाची असताना गेली. तिचा एकही फोटो नव्हता. मला आत्यानं वाढवलं, आणि आई कशी गेली असं विचारलं की ती "पान लागलं गो" एवढंच म्हणायची. साप चावला असं आमच्याकडे कुणी तोंडानं म्हणत नाही.

रोह्याचे ते वकील दरवर्षी आमच्याकडून गणपती नेत. त्यांच्या दिवाणखान्यात कुणा गोऱ्या साहेबानं काढलेलं एक जुनं तैलचित्र होतं. कुंडलिका नदी, पलीकडे डोंगर, अलीकडे पायवाट, आणि वाटेवर डोक्यावर हंडा घेऊन आपल्याकडे येणारी एक बाई. पावसाळ्यातल्या ओलीनं त्याचे पोपडे निघाले होते. वकिलांनी विचार केला असेल, रंगारी तो रंगारी, त्याला देव काय नि नदी काय. त्यांनी बाबांना बोलावणं धाडलं. दिवाळी होऊन गेलेली, आत्या भाताच्या कापणीला जायची. नऊ वर्षांच्या मला घरी एकटीला ठेवणार कोण? म्हणून पेणहून एसटीनं आम्ही दोघं रोज रोह्याला जाऊ लागलो.

आठ दिवसांत बाबांनी आभाळ भरलं, डोंगर भरला. उरला त्या बाईचा चेहरा, वालाच्या दाण्याएवढा. साहेबानं तिला डोळे कधी दिलेच नव्हते. एवढ्या लांबच्या माणसाचे डोळे दिसतात कुठे? पण बाबांच्या हातून आंधळी बाई सुटणं शक्य नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश काढला, हात स्वच्छ पुसले आणि बैठक मारली.

आता ते बोलणार नाहीत हे मला ठाऊक होतं. कंटाळून मी मागच्या दारानं नदीवर गेले. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. पाय घसरला आणि मी छातीपर्यंत पाण्यात गेले. पायाखाली सगळा चिखल, हाताला काही लागेना. मी जिवाच्या आकांतानं "बाबा!" म्हणून ओरडले.

ते धावत आले. ब्रश दातांत तसाच धरलेला. मला ओढून वर घेतलं, तेव्हा त्यांचे हात लटलट कापत होते. आखणी करणाऱ्याचे हात कापताना मी कधी पाहिले नव्हते, त्यामुळे मला पाण्यापेक्षा त्याचीच भीती वाटली.

"बाबा, तुम्ही मधीच उठलात?" मी विचारलं.

"व्हय," ते म्हणाले. "उठलो."

परत येऊन ते चित्रापुढे बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच सामान आवरलं. वकिलांनी काम झालं का विचारलं तर म्हणाले, "झालं." निघताना मी चित्राजवळ गेले. बाईला उजवा डोळा होता, खसखशीएवढा, जरासा खाली झुकलेला. डावीकडे नुसता रंग. आणि तो एक डोळा माझ्याकडेच बघत होता.

तेव्हापासून ती माझ्या मागे लागली. नदीवर धुणं धुताना वाटायचं, वाटेवर कुणीतरी उभं आहे. कारखान्यात मूर्तींच्या आंधळ्या रांगेत कुठेतरी एक डोळा आहे, आणि मी पाठ वळवली की तो उघडतो. माझ्यामुळे ती अर्धी राहिली, आता ती दुसरा डोळा माझ्याकडे मागणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. मी बाबांच्या किती विनवण्या केल्या, चला, जाऊन तेवढा डोळा पुरा करू. ते फक्त "नाय" म्हणायचे. ते पुन्हा रोह्याला गेले नाहीत. आणि त्यांचा दुसरा नियम कायमचा मोडला. मी हाक मारली की हातातला डोळा अर्धा टाकून ते उठायचे. मी मुद्दाम परीक्षा बघायची. "बाबा, पाणी द्या!" की उठले. कारखान्यातले लोक हसायचे. माझ्यामुळे बाबांचा हात बिघडला असं मी धरून चालले, आणि पुढे आखणी शिकले तेव्हा नियम कडक पाळला. माझी मुलगी हाका मारून दमायची, पण दुसरा डोळा झाल्याशिवाय मी उठले नाही.

बाबा गेले. वकिलांच्या मुलांनी बंगला विकला, चित्र मुंबईच्या एका संग्रहालयाला दिलं. आता म्हातारपणी मला त्याचा विसर पडेल म्हणत होते, तर मागच्या वर्षी संग्रहालयातली एक मुलगी विचारत विचारत हमरापूरला आमच्या दारात आली. जुनी चित्रं साफ करून दुरुस्त करणं हे तिचं काम.

"काकू, त्या बाईच्या चेहऱ्यावर नंतर कुणीतरी एक ठिपका दिलाय," ती म्हणाली. "मूळ चित्रकाराचा नाही तो. काढून टाकायच्या आधी चौकशी करावी म्हटलं."

तिनं मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. पन्नास वर्षांनी तो डोळा आमच्या ओटीवर येऊन माझ्याकडे बघत होता. शेजारी आत्या बसली होती, नव्वदीला टेकलेली. तिनं मोबाइल हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला, आणि लहान मुलासारखी रडायला लागली.

"ही तुझी आय हाय गो," ती म्हणाली. "अशीच डोळा झुकवून बघायची ती."

ती मुलगी गेल्यावर आत्यानं सगळं सांगितलं. गणपतीला चार दिवस उरलेले. आईला परसात पान लागलं. ती कारखान्याच्या दाराशी आली आणि हळूच म्हणाली, "अवो, जरा येता का?" सगळ्या माणसांसमोर मोठ्यानं कशी ओरडेल? बाबा मान वर न करता म्हणाले, "येतो, एक डोळा राह्यलाय." डोळा पुरा करून ते दाराशी गेले, तेव्हा ती उंबऱ्याला टेकून पडली होती.

"बाबा लगेच उठले असते तर वाचली असती?" मी विचारलं.

"देवाला ठावं. तुला सांगायचं नाय, अशी शपथ घातली व्हती त्यानं."

दोन दिवसांनी मी मुंबईला गेले. पर्समध्ये बाबांचा सगळ्यात बारीक ब्रश होता आणि काळ्या रंगाची बाटली. खोटं कशाला बोलू, दुसरा डोळा काढायचा हे ठरवूनच गेले होते. चित्र टेबलावर आडवं ठेवलेलं. त्या मुलीला फोन आला आणि ती बाहेर गेली. मी ब्रश भिजवला, वाकले. हात बिलकूल कापत नव्हता. आई समोर होती, वालाच्या दाण्याएवढी. मी तिच्याकडे बघत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तिची भीती वाटली नाही. मी ब्रश पुसून परत पर्समध्ये ठेवला.

मुलगी आल्यावर तिला सांगितलं, हा माझ्या बाबांचा हात आहे, आणि ही माझी आई. दुसरा फोटो नाही. तिनं वाकून तो डोळा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाली, नोंद करून डोळा तसाच ठेवता येईल, वरच्यांना ती पटवील. नोंदवही उघडून तिनं लिहायला घेतलं.

"पण काकू, त्यांनी दुसरा डोळा का नाही काढला?"

"मी हाक मारली," मी म्हणाले. "आणि ते उठले."