इको मशीन गार पडली त्याची गोष्ट

मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातलं कुठलंही मशीन मला दुरुस्त करता येतं, असा आमच्या घरात एका व्यक्तीचा ठाम समज होता. ती व्यक्ती मी.

माझे बाबा नांदेडला असतात. आयुष्यभर भोकरकडच्या शाळांत मास्तरकी केली आणि उरलेल्या वेळात गायन पार्टीत गिटार वाजवली. गायला त्यांचे जिवलग संभा काका. पार्टीची खरी शान मात्र इको मशीन. ट्रंकेएवढी पेटी, तिच्यात टेपची एक पट्टी गोल गोल फिरायची. गायलेलं, वाजवलेलं सगळं जरा उशिरानं दोन-तीनदा परत ऐकू यायचं आणि विरून जायचं. आत जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे व्हॉल्व्ह, त्यामुळे पेटी तापायला पाव तास लागायचा. बाबा वरून तळहात लावून बघायचे (आजारी लेकराचं कपाळ बघावं तसं) आणि मगच गिटार गळ्यात घालायचे.

दोन वर्षांपूर्वी संभा काका गेले. बाबांनी गिटार खिळ्याला टांगली ती टांगलीच. या चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारातल्या बायांनी फारच गळ घातली, तेव्हा कुठे म्हणाले, "मशीन चालू झाली तर वाजवतो." वाजवायचं नाव त्यांच्या तोंडून निघालं, एवढ्यानंच मला भरून आलं. मी म्हटलं, "मी करते चालू." इथून पुढचं सगळं माझं कर्तृत्व.

नांदेडला जाऊन पेटी उघडली तर टेपवर घाण दिसली. हाताशी नेलपॉलिश काढायचं लिक्विड होतं. कापसाचा बोळा भिजवून पुसायला लागले, तसा बोळ्यावर तपकिरी रंग यायला लागला. केवढा मळ साचला होता! मी उत्साहानं बोळ्यावर बोळे बदलले. शेवटी पट्टी इतकी लख्ख झाली की आरपार दिसायला लागलं. तेव्हा माझ्यातलं भौतिकशास्त्र जागं झालं. आवाज उमटतो तो त्या तपकिरी थरावर. तो थर म्हणजेच टेप. मी टेप धुऊन काढली होती. (जाता जाता आतलं रबरी चाकही विरघळवलं होतं, ते सोडा.)

जयंती दोन दिवसांवर. मी नवऱ्याला फोन लावला. प्रदीप लातूरहून गिटारला जोडायचं एक डिजिटल पेडल घेऊन आला. साबणाच्या डबीएवढं.

"ह्याच्यात असल्या शंभर मशिनी हायत," तो म्हणाला. "पेटीत बसवून टाकू. मामाला पत्ता लागत न्हाई." (मामा म्हणजे त्याचे सासरे, माझे बाबा.)

आम्ही पेटीतलं सगळं काढून ती डबी आत बसवली. माईक आणि गिटार दोन्ही तिला जोडले. मग बाबांना गिटार देऊन अंगणात बसवलं आणि आत पेटीपाशी मी. "चालू असताना हात लावू नका, शॉक देऊन राहिलीय," असं बजावलंसुद्धा. त्यांनी एक सूर छेडला. सूर जसाच्या तसा परत आला.

"लई घाई करून राहिली," बाबा बाहेरून म्हणाले. "जरा उशिरा येऊ दे. संभा कुठं टायमावर यायचा?"

मी उशीर वाढवला.

"आन् लई चोख येऊन राहिली. जरा दमून येऊ दे."

त्या डबीत दमल्यासारखं वाजायचीही सोय होती, हे मात्र कबूल केलं पाहिजे. बाबा ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हाव. असंच." त्यांचा आवाज इतका हलका होता की मला माझीच लाज वाटली.

जयंतीच्या संध्याकाळी मांडव गच्च भरला. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून स्टेजवर चढले आणि सवयीनं पेटीवर तळहात ठेवला. थांबले. पुन्हा ठेवला.

"सुजाता, ही गार कामून?"

"तापेल, बाबा."

"कधीची चालू हाय मग?"

मला त्यांच्याशी फार वेळ खोटं बोलता येत नाही. मी वाकून हळूच सांगितलं, "मशीन मोडली. माझ्या हातानं." मागची फळी सरकवून आतली डबी दाखवायला गेले आणि बोट नेमकं ऐकलेलं परत परत म्हणायच्या बटणावर पडलं. माईक नाकासमोरच होता.

"मशीन मोडली. माझ्या हातानं," कर्णे म्हणाले. "मशीन मोडली. माझ्या हातानं."

मी घाईनं दुसरं बटण दाबलं. आवाज वाढला. प्रदीप धावत आला, त्यानं तिसरं दाबलं. आता मी विहिरीतून बोलल्यासारखी कबुली द्यायला लागले. दमायचं मात्र नाव नाही. पुढच्या रांगेतल्या बाया मोजायला लागल्या. एकवीसपर्यंत मी ऐकलं. शेवटी बाबांनीच जाऊन वायर उपटली.



"जुनी असती तर दोनदा बोलून विसरली असती," बाबा म्हणाले.

ते आता उतरून घरी जाणार, गिटार पुन्हा खिळ्याला, आणि ती मीच टांगली, असं मला वाटलं. पण त्यांनी गिटारची वायर सरळ स्पीकरला लावली आणि वाजवायला लागले. कोरडा आवाज. आगापिछा काही नाही. मुखडा वाजवला आणि सवयीनं थांबले. ती संभा काकांची जागा होती.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून शांता काकूंनी, संभा काकांच्या बायकोनं, बसल्या जागी ती ओळ म्हटली. थोडी उशिराच. मागच्या बायांनी उचलली, मग पोरांनी, मग सगळ्या मांडवानं. बाबांनी डोळे मिटून घेतले आणि पुढची ओळ वाजवून पुन्हा जागा सोडली. या खेपेला मुद्दाम.

माझे डोळे नुसते वाहत होते. मीही गळा काढून त्यात सूर मिळवला. बाबांनी डोळे उघडले, वाजवता वाजवताच माझ्याकडे सरकले आणि कानाशी म्हणाले,

"माय, मशीन मोडली ते ठीक हाय. आता गाणं तरी राहू दे."